एका मोटरीवर राहिलेला दोन

आमच्या रावेतच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीशेजारी जी मोटर आहे, तिच्या अंगावर एक फोन नंबर रंगवलेला आहे. आठ आकडे. त्यातले शेवटचे सात असे देखणे, की छापखान्यातून उतरल्यासारखे वाटावेत. सर्वांत पुढचा दोन मात्र चालत्या टमटममध्ये बसून काढल्यासारखा वाकडा. घरी पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम तिकडे नेतो. बायको म्हणते, "लोक आपल्या गच्चीतून एक्स्प्रेस वे दाखवतात, आमचे हे मोटर दाखवतात."

दाखवतो खरा. तो दोन चाचांनी माझ्यासमोर काढला होता.

चाचांचं नाव मी इथे सांगत नाही, आणि त्यांनाही ते फारसं लागत नसे. आकुर्डी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटर भरण्याचं दुकान होतं. जळलेल्या मोटरीतली काळी झालेली तांब्याची तार उपसून काढायची, नवीन गुंडाळायची, वर वार्निश पाजायचं. शेजारच्या गाळ्यात माझं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, त्यातले अडीच चालू. कॉलेजची पोरं निकाल बघायला यायची आणि निकाल वाईट लागला तर माझ्या माउसवर राग काढून जायची. बाहेर पाटीवर मी 'वेबसाइट बनवून मिळेल' असंही लिहिलं होतं. आठ वर्षांत दोन बनवल्या. त्यातली एक माझ्या मेव्हण्याची.

चाचा मला इंटरनेट म्हणत. "ए इंटरनेट, चहा आलाय." मला वाटायचं, कौतुकाने म्हणतात. नंतर कळलं, चालू-बंद होतो म्हणून.

त्यांच्या दुकानातला फोन लाल रंगाचा होता. सकाळी आल्या आल्या ते आधी त्याला पुसत, मग बाकी. वर्षानुवर्षं वार्निशचा हात लागून त्याचा रिसीव्हर मोटरीसारखाच चकाकायला लागला होता. फोन वाजला की ते 'हॅलो' म्हणत नसत. म्हणत, "बोला, कुठली जळली?" त्यांच्या मोठ्या मुलीला बघायला येणाऱ्या मंडळींनी तारीख कळवायला फोन केला, तेव्हाही हेच. समोरचे गृहस्थ घाबरून म्हणाले, अजून काही जळलेलं नाही, आम्ही रविवारी येतोय. लग्न जमलं. जावई अजून सासऱ्यांच्या आठवणी काढताना तिथूनच सुरुवात करतो.

जळालेल्या मोटरीचा वास घेऊन ते कारण सांगत. नाकाशी धरायची, डोळे मिटायचे. "पाणी नव्हतं, कोरडी चालवली." किंवा, "सिंगल फेजवर ओढलीय." गिऱ्हाईक आधी नाही म्हणायचं, मग हळूच कबूल व्हायचं. मोबाइल आला तरी त्यांनी त्यात एकाचंही नाव घातलं नाही. सगळे नंबर तोंडपाठ. माणसांनाही ते नंबरानेच ओळखत. "ते चौतीस-बावीसवाले आले होते का रे? बिचाऱ्यांना शुगर निघालीय." असं कुणी बोललं तर आपण हसू. चाचा बोलले की त्या चौतीस-बावीसला खरोखर भेटून यावंसं वाटे.

मोटर भरून झाली, की तिच्यावर दुकानाचा नंबर रंगवायचा हा त्यांचा शेवटचा संस्कार. पत्र्याच्या पाटीपेक्षा त्यांचा यावर जास्त विश्वास. "पाटी मी कुठं असतो ते सांगते. मोटर जळते तिथं पाटी नसते, नंबर असतो. मी त्याला शब्द दिलाय, जळली तर फोन कर. नंबर म्हणजे जबान, बाबा."

हा नंबर रंगवायची स्टेन्सिल एक्स-रेच्या फिल्मवर कापलेली होती. ते देखणे सात आकडे तिचे. ती कापली होती चाचांच्या भागीदाराने. चाचा त्यांना पार्टनर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. दोघे आधी एका कंपनीत मेंटेनन्सला होते, तिथून एकदमच बाहेर पडले आणि दुकान काढलं. फोनचं कनेक्शन मिळायला पुष्कळ वर्षं थांबावं लागायचं तेव्हाची गोष्ट. लाल फोन दुकानात आला त्या दिवशी दोघांनी पेढे वाटले होते. पार्टनर मराठवाड्यातले, आकुर्डीत खोली घेऊन राहायचे. हात असा, की गुंडाळलेली कॉइल केस विंचरल्यासारखी दिसायची. आकडा वाकडा आला तर रंग पुसून पुन्हा काढायचे.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी गाळा घेतला त्याच्या आधीच्या वर्षी ते निघून गेले होते. भांडण एका मोटरीवरून झालं. एका शेतकऱ्याची नुकतीच भरून दिलेली मोटर चार दिवसांत जळून परत आली. तो दुकानात चारचौघांत ओरडायला लागला. त्या दिवशी चाचांना पडसं होतं, नाक बंद. वास आला नाही. ते पार्टनरकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉइल तुझी होती."

पार्टनरनी हातातली स्टेन्सिल टेबलावर ठेवली. गावच्या विहिरीसाठी स्वतः भरलेली एक मोटर कोपऱ्यात होती, तिच्यावर नंबरही रंगवून झाला होता. ती उचलली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी चाचा त्या शेतकऱ्याकडे गेले, तर दोष स्टार्टरमध्ये निघाला. कॉइलचा काही संबंध नव्हता. तसेच ते पार्टनरच्या खोलीवर गेले, तर कुलूप.

"गावाला गेले असतील, तिथं जायचं ना," मी एकदा म्हणालो.

चाचांनी ब्रश खाली ठेवला. "वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, इंटरनेट. तो म्हणायचा, गावाला जातो. मी म्हणायचो, जाऊन ये. नांदेडच्या पुढं उतरायचं, एवढं ठाऊक. गावाचं नाव विचारायचं राहिलं."

कंपनीतल्या जुन्या लोकांना विचारून झालं. नांदेडपर्यंत दोन चकरा झाल्या. मग चाचा त्या लाल फोनजवळ बसून राहिले. पार्टनरला जगात तेवढा एकच नंबर पाठ होता. फोन आला तर एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य चाचा वार्निश लावताना पुटपुटायचे हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, नमाजातलं काही असेल.

अशात टेलिफोनवाल्यांनी सगळ्यांच्या नंबरापुढे दोन लावला. सात आकड्यांचे आठ झाले. बाकी लोकांनी लेटरहेड बदलली. चाचांनी एका हाती रंगाचा डबा घेतला, दुसऱ्या हाती ब्रश, आणि मोपेड काढली. भरलेल्या प्रत्येक मोटरीवर ते जाऊन दोन लिहिणार होते.

"चाचा, किती मोटरी असतील?"

"जेवढ्यांना शब्द दिलाय तेवढ्या."

दोनाची नवी स्टेन्सिल कापून घ्या म्हटलं, तर नको म्हणाले. "स्टेन्सिल त्याचं काम. मी हाताने काढतो." चाचांचा हात तार गुंडाळायला सोन्याचा होता, लिहायला मात्र कोंबडीचा.

एका दुपारी माझ्याकडे एकही गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे नेहमीची दुपार होती. मी मागे बसून गेलो. महाळुंग्याला तेव्हा कंपन्यांच्या भिंतींच्या मधे मधे शेतं शिल्लक होती. एका विहिरीवर एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती.

"कोन रं?" तिने विचारलं.

"मोटरवाला. दोन लिहायला आलोय, आजी."

"दोन काय?"

"आकडा. फोनच्या पुढं दोन लागला."

"कुनाला लागला?" म्हातारी घाबरली. समजावून सांगितल्यावर म्हणाली, "व्हय का. मंग लिव की. च्या घेतो का?" आणि चहा होईपर्यंत विचार करून तिने जो प्रश्न टाकला तो मला सुचला नव्हता. "आन् उद्या तीन लागला तर?"

"तर परत येईन."

"आन् तवर तूच गेला तर?"

चाचा डब्यातून काढलेला ब्रश हातात धरून तसेच उभे राहिले. रंग थेंब थेंब गळत होता. परत येताना ते आकुर्डीच्या चौकात सिग्नलला म्हणाले, "सगळ्यांना दोन लागेल, इंटरनेट. एक मोटर राहिली."

कुठली, ते मला न विचारता कळलं. आयुष्यात न विचारता कळलेल्या माझ्या चार गोष्टींपैकी ती एक.

माझा धंदा मग आणखी बसला. लोकांच्या हातात इंटरनेट आलं, माझ्याकडे कशाला येतील? तेव्हा मी डोमेन विकायला निघालो. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं नाव. शेवटी डॉट कॉम असतं तसंच 'डॉट टेल' म्हणून एक शेपूट खास फोनसाठी निघालं होतं. आपल्या नावाला ते लावायचं, की त्या नावाच्या पानावर आपले सगळे नंबर दिसतात. मी चाचांना पहिलं गिऱ्हाईक धरलं.

"चाचा, मोटरीवर नंबराच्या जागी नाव लिहायचं. नंबर बदलला तर मी आत बदलीन. तुम्हाला ब्रश घेऊन फिरायला नको."

"म्हणजे मोटर जळली, की त्यानं आधी तुला विचारायचं, फोन कुणाला करू?"

"मला नाही, इंटरनेटला."

"इंटरनेट तूच की. आणि तू बंद असला तर?"

"नसतं हो बंद होत."

"वीज गेली तर?"

"वीज गेली तर मोटर जळेल कशी, चाचा?"

त्यांच्याशी वाद घालून मी जिंकलेला हा एकमेव मुद्दा. ते हसले, खांद्यावर वार्निशचा हात ठेवला (शर्ट गेला) आणि म्हणाले, "नंबर पाठ होतो. बोटांना पाठ होतो. अंधारात फिरवता येतो. तुझं नाव बघायला डोळे पाहिजेत, स्पेलिंग पाहिजे, मोबाइल पाहिजे. ज्याच्याकडं फक्त नंबर आहे, त्याला तुझं नाव कुठं सापडणार?"

मी तो विषय सोडून दिला. मला मेव्हण्याच्या वेबसाइटमध्ये फुलांची बॉर्डर घालायची होती.

पुढे रस्ता रुंद होणार म्हणून आमचे दोन्ही गाळे जायचं ठरलं. चाचांनी महाळुंग्याला कंपन्यांच्या जवळ शेड घेतली. तिथलं एक्स्चेंज वेगळं, एसटीडी कोड वेगळा. लाल फोनचा नंबर तिकडे जाऊ शकत नव्हता. चाचा एक्स्चेंजमध्ये तीनदा जाऊन आले. खिडकीतली बाई चांगली होती. तिनेही शेवटी हात जोडले.

त्या संध्याकाळी ते माझ्या कॅफेत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीवर बसण्याआधी पँट झटकली.

"ते तुझं डॉट. त्यात नावाच्या जागी आकडे चालतात का?"

मी बघितलं. चालत होते.

"मग लिही." त्यांनी नंबर सांगितला. सात आकडे.

"चाचा, पुढचा दोन राहिला."

"राहिलाच आहे. एका मोटरीवर. त्याच्याकडं जे लिहिलंय, तेच नाव पाहिजे."

नंबर लक्षात राहत नाही म्हणून लोक नाव घेतात. हा माणूस नावाच्या जागी नंबर घेत होता, आणि तोही मेलेला. मी मनात हसलो. आज आठवलं की स्वतःच्या पाठीत एक घालावीशी वाटते. कारण डॉट टेलचा यापेक्षा सरळ उपयोग मी पुढेही कुणी केलेला पाहिला नाही. कुणी कधी ते सात आकडे मोबाइलवर टाकून शोधलेच, तर हे पान समोर यावं. जिथे ब्रश पोचला नाही, तिथे ते पोचावं.

पानावर चाचांचा मोबाइल नंबर घातला, शेडचा पत्ता घातला. खाली माहितीसाठी एक ओळ मोकळी होती. मी म्हणालो, "इथं 'सर्व प्रकारच्या मोटरी भरून मिळतील' असं टाकू?"

"नको. लिही, कॉइल बरोबर होती."

"हे काय, चाचा? गिऱ्हाइकाला काय कळणार?"

"गिऱ्हाइकासाठी नाही."

लिहिलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "फोनचं एक वाईट आहे. उचलणारा पाहिजे. हे कुणी नसलं तरी बोलत राहील ना?"

"भाडं भरत राहिलं तर राहील."

"ते तू बघ," म्हणाले, आणि लाल फोन कापडात गुंडाळून घेऊन गेले.

महाळुंग्याच्या शेडमध्ये तो फोन त्यांनी तारेशिवाय टेबलावर ठेवला होता. सकाळी आल्या आल्या पुसत. नव्या मोटरींवर स्टेन्सिलने सात आकडे आणि शेवटी हाताने 'डॉट टेल', दोनाइतकंच वाकडं. मी तोवर एका कंपनीत स्टोअरला लागलो होतो. शिफ्ट सुटल्यावर अधूनमधून जायचो. ते विचारायचे, "आलं का कुणी तुझ्या डॉटवर?" मी म्हणायचो, येतील. पुढे त्या पानावर फोटो टाकायची सोय झाली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या मोटरीचा, नंबर नीट दिसेल असा फोटो मी काढून टाकला. चाचांना दाखवला तर म्हणाले, "दोन बरा काढायला पाहिजे होता."

तीन वर्षांपूर्वी चाचा गेले. मी कधीमधी जायचो, त्यामुळे मला कळलं तेही दफन होऊन गेल्यावर. शेड बंद झाली. चाचींनी मला बोलावून मोबाइलचं सिम हातात दिलं. "याच्यावर फोन येतात, बेटा. मला जळलेल्या मोटरींचं काय कळतं?" मी ते माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं. फोन येत. चाकणहून, तळेगावहून. मी सांगायचो, चाचा गेले, आता दुसरीकडे दाखवा. एकाने तर मलाच विचारलं, मग आता वास कोण घेणार?

हळूहळू फोन कमी झाले. डॉट टेलचं भाडं मात्र मी चुकवलं नाही. बायकोने एकदा विचारलं, "कुणासाठी?" मी म्हणालो, "दिलाय शब्द." ती काही बोलली नाही. आमच्या घरात ही दुर्मीळ गोष्ट आहे. आणि सवय कधी लागली कोण जाणे, पण त्या सिमवर फोन आला की मीही 'हॅलो' म्हणेनासा झालो. कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरीही माझं "बोला, कुठली जळली?" ऐकून आपणहून फोन ठेवतात.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी पोहे खात होतो. फोन वाजला.

"बोला, कुठली जळली?"

पलीकडे म्हातारा, खरखरीत आवाज. "जयभीम. तो पहिला दोन कुणी काढला हो?"

मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

"चाचांनी," मी म्हणालो.

"लई वाकडा हाय."

तेच बोलत होते. विहिरीवरची मोटर जळली. हात थरथरतात, स्वतःला भरता येईना. सून म्हणाली, मामंजी, यावर नंबर आहे, मोबाइलमध्ये टाकून बघते. "म्या म्हणलं, बाई, तो नंबर बंद हाय. म्या केलता ना फोन. दोन-तीनदा केलता. बाई म्हणायची, हा नंबर अस्तित्वात नाही. मला वाटलं, यानं दुकान मोडलं." मागे सुनेला काही विचारलं. "तर पोरीनं हे पान उघडून दाखवलं, मोटरीच्या फोटोसकट."

"मग ती ओळ वाचली असेल तुम्ही."

"वाचली की. कॉइल बरोबर होती ते मला तवाच ठाऊक होतं. कॉइल मी गुंडाळली होती." मग जरा मऊ आवाजात, "द्या त्याला फोन."

तीन वर्षांत चाचांचे सगळे फोन मी घेतले होते. काय सांगायचं, ते तोंडपाठ झालं होतं. त्या दिवशी मात्र मी एवढंच म्हणालो, "तुमचा फोन यायला थोडा उशीर झाला."

त्यांना कळलं. पलीकडे एक कोंबडा आरवल्याचं ऐकू आलं, आणि फोन ठेवला गेला.

आठवड्याने ते आले. मी चिंचवड स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. पांढरा सदरा, काखेत पिशवी. आधी कबरस्तानात गेलो. तिथे ते दहा मिनिटं उभे राहिले. चाचींकडे गेलो. चाचींनी लाल फोन आणि एक्स-रेची ती जुनी स्टेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी फोनवरून हात फिरवून बोटांचा वास घेतला. मग म्हणाले, "आता ती मोटर दाखवा."

मी त्यांना आमच्या टाकीशेजारी आणलं. वॉचमनने खुर्ची दिली, ती नको म्हणाले. मोटरीपुढे उकिडवे बसले. पिशवीतून त्यांनी एक्स-रेची कोरी फिल्म काढली, एक पाकीट काढलं, त्यात ब्लेड. मला वाटलं, सरळ दोन कापून इथला वाकडा झाकणार. चाचांचा दोन पुसला जाणार होता. पण अडवणारा मी कोण?

"नीट करणार का हा?" मी विचारलं.

"याला काय करायचंय?" ते म्हणाले. "माझ्या मोटरीवर हा दोन राहिलाय. तो न्यायला आलोय."

मग त्यांनी ती फिल्म चाचांच्या दोनावर ठेवली, घट्ट दाबून धरली, आणि जसा होता तसा, वाकडाच, कापायला लागले.